अँटीव्हायरस चांगल्या प्रोग्रॅमला व्हायरस म्हणतोय: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नाशिकला कॅनडा कॉर्नरजवळच्या आमच्या कॉम्प्युटरच्या दुकानात दिवसाला दोन-तीन फोन याच कारणासाठी ठरलेले: "अहो, तुम्ही टाकून दिलेला प्रोग्रॅम अँटीव्हायरसने खाल्ला." सातपूरचे वर्कशॉपवाले, पिंपळगावचे आडते, शालिमारचे डीटीपीवाले, सीएंची ऑफिसं, सगळ्यांचं गाऱ्हाणं एकच. फोनवर तेच तेच सांगून घसा बसतो, म्हणून एकदाचं लिहून काढलं. सगळं विंडोज १० आणि ११ धरून लिहिलंय.

लाल अक्षरात "थ्रेट फाउंड" आलंय. आधी काय करू?

आधी माउसवरचा हात काढा.

अँटीव्हायरसने फाइल क्वारंटाइनमध्ये टाकली असेल तर ती कोंडलेली आहे, तिथून ती चालू शकत नाही. म्हणजे खरा व्हायरस असला तरी घाई नाही, आणि खोटा इशारा असला तरी फाइल कुठे पळून जात नाही. लोक घाबरून "रिमूव्ह" दाबतात आणि दुसऱ्या दिवशी तोच प्रोग्रॅम शोधत फिरतात. नाहीतर वैतागून "अलाउ" दाबतात, ते त्याहून वाईट.

स्क्रीनचा फोटो काढा. त्यात धोक्याचं नाव, फाइलचा पूर्ण पत्ता आणि वेळ दिसली पाहिजे. विंडोजचा स्वतःचा डिफेंडर असेल तर स्टार्टमधून विंडोज सिक्युरिटी उघडा, व्हायरस अँड थ्रेट प्रोटेक्शनमध्ये जा, तिथे प्रोटेक्शन हिस्टरी आहे. त्यातल्या ओळीवर क्लिक केलं की सगळा तपशील उलगडतो. नुसतं "व्हायरस आलाय" एवढ्यावरून फोनवर कुणालाच काही सांगता येत नाही.

चांगल्या प्रोग्रॅमला तो व्हायरस का म्हणतो? दिसत नाही का त्याला?

पूर्वी अँटीव्हायरसकडे पकडलेल्या व्हायरसांची यादी असायची. फाइलमधला कोड यादीशी जुळला की पकड. आता रोज इतक्या नव्या वाईट फाइली येतात की यादीवर भागत नाही. मग तो अंदाज बांधतो: ही फाइल कशी बांधलीय, चालू झाल्यावर काय करते, जगात आणखी कुणाकडे आहे का. अंदाज म्हटला की चूक आलीच.

मराठी टायपिंगचे जुने प्रोग्रॅम घ्या. तुम्ही इंग्रजी की दाबता, प्रोग्रॅम ती मधेच पकडतो आणि तिच्या जागी "क" किंवा "ळ" ठेवतो. आता पासवर्ड चोरणारा कीलॉगर काय करतो? तोही प्रत्येक की मधेच पकडतो. बाहेरून दोघांची चाल सारखी. टायपिंगवाला ती अक्षरं तुमच्या कागदावर टाकतो आणि चोर ती परस्पर इंटरनेटवरून पाठवतो, हा फरक दर वेळी अँटीव्हायरसला दिसतोच असं नाही. तालुक्याच्या ठिकाणी दस्तलेखकांची हीच रड असते. (नवं काही टाकण्याआधी एवढं करून बघा: २०१९ पासून विंडोज १० मध्येच मराठीचा फोनेटिक कीबोर्ड आहे. ज्यांना सवय होते त्यांचा हा प्रश्नच मिटतो.)

सातपूर-अंबडला वेगळी तऱ्हा. सीएनसी (कॉम्प्युटरच्या हुकुमावर चालणाऱ्या) मशिनला केबलने प्रोग्रॅम पाठवणारी पंधरा-वीस वर्षं जुनी सॉफ्टवेअरं अजून रोज चालतात. बनवणाऱ्याने त्या काळी फाइल छोटी व्हावी म्हणून यूपीएक्ससारख्या पॅकरने दाबून बसवलेली, डिजिटल सहीचा (बनवणाऱ्याची ओळख पटवणाऱ्या खुणेचा) पत्ता नाही, आणि अख्ख्या जगात वापरणारे मोजके. व्हायरस लिहिणारेही कोड लपवायला पॅकरच वापरतात. त्यामुळे अँटीव्हायरसला बांधलेलं गाठोडं दिसलं की तो आधी संशय घेतो. पायथनमध्ये लिहून एकाच फाइलीत बांधलेले प्रोग्रॅम, की आपोआप दाबून देणाऱ्या ऑटोहॉटकीच्या स्क्रिप्ट, विसरलेला वाय-फाय पासवर्ड दाखवणारी हत्यारं, यांचं नशीबही तेच.

धोक्याच्या नावावरून काही कळतं का?

बरंच कळतं, आणि हे वाचायला कुणी शिकवत नाही.

नावात "जेन", "जेनेरिक" किंवा "ह्युअर" असेल तर तो अंदाज आहे. डिफेंडरच्या नावाच्या शेवटी उद्गारचिन्ह आणि "एमएल" असेल, तर ते मशिन लर्निंगने ठरवलेलं आहे, म्हणजे कोड यादीशी जुळून पकडलेलं नाही. "वाकाटॅक" हे नाव या शेपटीसकट आमच्याकडे सगळ्यात जास्त येतं. "पीयूए" म्हणजे व्हायरस नव्हे, नकोसा प्रोग्रॅम: टूलबार चिकटवणारा, जाहिराती दाखवणारा. "हॅकटूल" किंवा "रिस्कवेअर" म्हणजे हत्यार म्हणून धोकादायक, कुणाच्या हातात आहे त्यावर ठरतं.

पण नावात एमोटेट किंवा रेडलाइन असं व्हायरसांचं ठरावीक घराणं आलं, तर खोटा इशारा असेल या आशेवर बसू नका.

निळी पाटी येते, "विंडोज प्रोटेक्टेड युअर पीसी". हाही व्हायरसच ना?

नाही. ती विंडोजच्याच स्मार्टस्क्रीन नावाच्या पहारेकऱ्याची पाटी. तिचा अर्थ एवढाच, की ही फाइल फारशी कुणी डाउनलोड केलेली नाही आणि बनवणाऱ्याची ओळख पटत नाही. "मोअर इन्फो" दाबलं की खाली "रन एनीवे" दिसतं. दाबायचं की नाही, ते खालचं वाचून ठरवा.

विंडोज ११ मध्ये काही नव्या मशिनवर स्मार्ट अ‍ॅप कंट्रोल चालू असतं. ते जास्त कडक, एकेका प्रोग्रॅमला सूट द्यायची सोय त्यात नाही.

पण एवढी मोठी कंपनी चूक करेल का?

केलीय, आणि चांगली जगजाहीर. २१ एप्रिल २०१० ला मॅकअफीच्या एका अपडेटने विंडोज एक्सपीची स्वतःची अत्यावश्यक फाइल, एसव्हीसीहोस्ट, व्हायरस ठरवली. जगभर ऑफिसांतली मशिनं बंद-चालू, बंद-चालू होत राहिली. सप्टेंबर २०१२ मध्ये सोफॉसने स्वतःच्याच अपडेटरला पकडलं, म्हणजे कुंपणानेच शेत खाल्लं. एप्रिल २०१७ मध्ये वेबरूटने विंडोजच्या फाइली क्वारंटाइनमध्ये टाकल्या. ४ सप्टेंबर २०२२ ला डिफेंडर क्रोम उघडलं तरी "हाइव्ह" नावाचा धोका ओरडत होता, तो मायक्रोसॉफ्टने त्याच दिवशी नव्या अपडेटने शांत केला.

यातून कामाचा धडा असा: काल चालणारा प्रोग्रॅम आज अचानक पकडला गेला, आणि तुम्ही तो बदललेला नाही, तर आधी अँटीव्हायरस अपडेट करा आणि फाइल पुन्हा स्कॅन करा. कैक वेळा एवढ्यावर भागतं.

खोटा इशारा आहे याची खात्री कशी करायची?

या पानावरचं हे एकच उत्तर वाचलंत तरी चालेल.

पहिलं, फाइल आली कुठून? बनवणाऱ्याच्या मूळ साइटवरून, की गुगलच्या पहिल्या जाहिरातीवरून, की व्हॉट्सअ‍ॅपच्या ग्रुपवरून? एकाच प्रोग्रॅमची दहा ठिकाणी दहा रूपं असतात, आणि "डाउनलोड" असं लिहिलेल्या मोठ्या हिरव्या बटणाखाली भलतंच निघतं. मूळ साइटवरून नसेल तर पुढची कसलीही तपासणी न करता फाइल टाका आणि मूळ ठिकाणावरून परत उतरवून घ्या. निम्मं भांडण तिथेच मिटतं.

दुसरं, हॅश जुळवा. फाइलच्या मजकुरावरून एसएचए-२५६ नावाचा ६४ अक्षरांचा कोड निघतो. फाइलीत एक टिंब बदललं तरी तो पूर्ण बदलतो. बरेच प्रामाणिक प्रोग्रॅमवाले तो आपल्या साइटवर देतात. तुमच्याकडे सेव्हन-झिप असेल तर फाइलवर राइट क्लिक करा, "सीआरसी एसएचए" मध्ये एसएचए-२५६ निवडा, कोड समोर येतो. विंडोज ११ मध्ये हा मेन्यू कधीकधी "शो मोअर ऑप्शन्स" च्या पोटात असतो. सगळा कोड जुळवायचा कंटाळा आला म्हणून पहिली-शेवटची चार अक्षरं बघून सोडू नका, नोटपॅडमध्ये एकाखाली एक ठेवा, नजरेला फरक लगेच दिसतो.

तिसरं, डिजिटल सही. फाइलच्या प्रॉपर्टीजमध्ये "डिजिटल सिग्नेचर्स" चा टॅब असेल तर त्यात कुणाचं नाव आहे ते बघा. टॅब नसेल तर फाइल वाईट असं नाही, छोट्या लोकांना सही परवडत नाही. आणि टॅब आहे म्हणून गंगेत घोडं न्हालं असंही नाही. २०१७ मध्ये सीक्लीनरची ५.३३ ही आवृत्ती खऱ्या, वैध सहीनिशी, कंपनीच्या स्वतःच्या साइटवरून गेली, आणि तिच्या आत घुसखोर बसला होता.

चौथं, व्हायरसटोटल. ही साइट एका फाइलवर सत्तरच्या आसपास अँटीव्हायरस इंजिनांचं मत एकदम घेते. २००४ ला स्पेनमध्ये सुरू झाली, २०१२ पासून गुगलकडे आहे. निकाल कसा वाचायचा? गोदावरीला पूर आला की आपण नदीतल्या दुतोंड्या मारुतीच्या उंच मूर्तीकडे बघतो, पाणी कुठवर चढलं ते कळायला. पायाला पाणी लागलं तर पुलावर बघ्यांची गर्दी होते. कमरेच्या वर, छातीकडे चढायला लागलं की सराफ बाजारात माल हलवायची धावपळ. तसंच इथे. सत्तरातल्या एक-दोन, तेही फारशी नावं न ऐकलेल्या इंजिनांनी "जेनेरिक" म्हटलं, तर पाणी पायाशी आहे. दहा-पंधरांनी, त्यात नावाजलेल्या चार-पाचांनी, एकाच घराण्याचं नाव घेतलं, तर छातीला लागलं.

आणि शून्य आलं म्हणजे कोरडं, असं धरू नका. आजच जन्मलेला व्हायरस पहिले काही तास सगळ्यांनाच चुकवू शकतो. घाई नसेल तर दोन दिवस थांबून तीच फाइल तिथे पुन्हा तपासायला लावा. खोट्या इशाऱ्यांचा आकडा सहसा खाली येतो, खऱ्यांचा वर चढतो.

व्हायरसटोटलवर आमची फाइल टाकली तर बाहेर जाणार नाही ना?

जाते. तिथे टाकलेली फाइल सुरक्षा कंपन्यांना उपलब्ध होते, त्यांचं काम त्यावरच चालतं. म्हणून डाउनलोड केलेला सेटअप खुशाल टाका, पण आडतीचा डेटा, पक्षकारांचे रिटर्न, आधारच्या प्रती असलेली झिप, पगारपत्रक, यातलं काही नाही. एका ऑफिसातल्या मुलाने संशय आला म्हणून अख्खं बॅकअप टाकायला घेतलं होतं. नशीब, फाइल ६५० एमबीच्या मर्यादेपेक्षा मोठी निघाली.

नुसता हॅश शोधात टाकला तरी, फाइल आधी कुणी तपासलेली असेल तर, अहवाल दिसतो. फाइल पाठवावीच लागत नाही.

प्रोग्रॅमवाल्याच्या साइटवरच लिहिलंय: "अँटीव्हायरस बंद करून इन्स्टॉल करा, हा फॉल्स अलार्म आहे." मग?

हे वाक्य खरा माणूसही लिहितो आणि चोरही. चोर जास्त ठसक्यात लिहितो.

मार्च २०२३ ची गोष्ट सांगतो. थ्रीसीएक्स हे ऑफिसातले फोन इंटरनेटवरून चालवणारं सॉफ्टवेअर, कंपनीच्या सांगण्यानुसार सहा लाखांवर ग्राहक. अचानक एका अँटीव्हायरसने त्याचं नवं अपडेट पकडायला सुरुवात केली. सॉफ्टवेअर नामांकित, सही बरोबर, अपडेट अधिकृत. वापरणाऱ्यांना वाटलं खोटाच इशारा, काहींनी तर सूट देऊनही टाकली. आठवडाभराने उघड झालं की कंपनीच्याच घरात शिरून कुणी त्या अपडेटमध्ये विष कालवलं होतं. अँटीव्हायरस बरोबर होता.

तेव्हा "बंद करा" म्हणणाऱ्याचं ऐकून बंद करू नका. बनवणाऱ्याला एक साधा प्रश्न विचारा: तुम्ही अँटीव्हायरस कंपनीला फाइल पाठवली का, त्यांनी काय कळवलं? खरा माणूस याचं उत्तर देतो.

क्रॅक (विकतचं सॉफ्टवेअर फुकटात चालवणारा जुगाड) टाकला की पकडतो. तो तरी खोटा इशारा असतो ना?

नाही. आणि एमएस ऑफिसचा असा फुकटा अ‍ॅक्टिव्हेटर चालवण्यासाठी तुमचा अँटीव्हायरस आम्ही बंद करून देत नाही. दुकानात येऊन मागितलं तरी नाही.

पेनड्राइव्हमधले सगळे फोल्डर शॉर्टकट झालेत, आणि अँटीव्हायरस ओरडतोय.

तो खरा आहे. झेरॉक्सच्या दुकानातून आणलेला प्रसाद. मूळ फोल्डर बहुतेक वेळा पेनड्राइव्हमध्येच लपवलेले असतात. शॉर्टकटवर डबल क्लिक करू नका आणि पेनड्राइव्ह लगेच फॉर्मॅटही करू नका.

खात्री पटली, इशारा खोटाच आहे. आता फाइल परत कशी आणू?

डिफेंडरमध्ये प्रोटेक्शन हिस्टरी उघडा, ती ओळ निवडा, "अ‍ॅक्शन्स" मध्ये "रिस्टोअर" किंवा "अलाउ ऑन डिव्हाइस" असतं. अ‍ॅडमिनचा पासवर्ड लागेल. दुसरा अँटीव्हायरस असेल तर त्यात क्वारंटाइन नावाची जागा असतेच.

फाइल परत आली तरी पुढच्या स्कॅनला पुन्हा उचलली जाते, तेव्हा अपवाद नोंदवावा लागतो. डिफेंडरमध्ये "मॅनेज सेटिंग्ज" च्या तळाशी "एक्सक्लूजन्स" आहे. इथे लोक हमखास घोळ करतात. एका प्रोग्रॅमसाठी अख्खी सी ड्राइव्ह सोडलेली मी डोळ्यांनी पाहिलीय. मागे कुणीतरी टेक्निशियन येऊन "आता कटकट नाही" म्हणून करून गेलेला. डाउनलोड्सचा फोल्डर सोडणारे तर पुष्कळ, म्हणजे ज्या दारातून चोर येतो त्याच दाराची कडी काढून ठेवायची.

सूट द्यायची ती त्या एका फाइलला. प्रोग्रॅम स्वतःच सतत नव्या फाइली बनवत असेल, तरच त्याच्या एकट्याच्या फोल्डरला. आणि "प्रोसेस" प्रकारची सूट शक्यतो टाळा: तिच्यामुळे ती प्रोसेस ज्या ज्या फाइली उघडेल त्या तपासायच्या राहतात, आणि मूळ प्रोग्रॅमची फाइल मात्र तपासली जातेच. लोकांना हवं असतं त्याच्या बरोबर उलट.

सूट दिली की तारखेसह वहीत लिहा. सहा महिन्यांनी ती कशासाठी होती हे कुणालाच आठवत नाही.

प्रोग्रॅम पकडला जात नाही, पण डॉक्युमेंट्समध्ये फाइल सेव्ह होत नाही.

"कंट्रोल्ड फोल्डर अ‍ॅक्सेस" चालू आहे का बघा. रॅन्समवेअरपासून (फाइली कुलूपबंद करून खंडणी मागणाऱ्या व्हायरसपासून) वाचवायला ते अनोळखी प्रोग्रॅमला डॉक्युमेंट्स, पिक्चर्स वगैरेंत लिहू देत नाही. त्याच्या यादीत तेवढा एक प्रोग्रॅम घाला.

तुमचा स्वतःचा प्रोग्रॅमही पकडला गेला होता म्हणे?

हो, आणि चांगलाच. द्राक्षबागेतल्या मजुरीच्या हिशेबाचा छोटा प्रोग्रॅम मी लिहिलाय: किती बायका आल्या, किती क्रेट भरले, उचल किती, हातात किती द्यायचे. काही वर्षांपूर्वी फेब्रुवारीत, काढणी ऐन भरात, मी त्याचं अपडेट दिलं. बाजाराच्या आदल्या संध्याकाळी दिंडोरीकडच्या एका काकांचा फोन. "अरे, बायका पैशासाठी दारात उभ्या आहेत, आणि तुझं यंत्र म्हणतंय घरात चोर शिरला."

अँटीव्हायरसने प्रोग्रॅमची फाइल उचलली होती. हिशेबाची डेटा फाइल शाबूत होती, ती एक्सेलमध्ये उघडून फोनवरच बेरजा जुळवल्या. रात्री साडेनऊला शेवटची मजूर गेली. काकांनी मला शिव्या दिल्या नाहीत, पण "वहीच बरी होती" म्हणाले, ते जास्त लागलं.

मग कंपनीला फाइल पाठवली, चौथ्या दिवशी "आमची चूक, दुरुस्त केली" असं उत्तर आलं. चूक मात्र निम्मी माझी होती. मी सगळा प्रोग्रॅम एकाच फाइलीत बांधून वर यूपीएक्सने दाबला होता, तीन-चार एमबी वाचवायला! आता तो साध्या फोल्डरमध्ये देतो, पॅकर नाही, आणि नवी आवृत्ती बाहेर काढण्याआधी स्वतःच तपासून घेतो. काढणीच्या दिवसांत तर अपडेट देतच नाही. डिजिटल सहीचं मात्र अजून घोडं अडलंय. दरवर्षीचा खर्च आहेच, त्यात १ जून २०२३ पासून सहीची किल्ली हार्डवेअर टोकनसारख्या सुरक्षित उपकरणातच ठेवावी लागते. पन्नास-साठ बागायतदारांसाठी तो हिशेब बसत नाही.

कंपनीला कळवायचं कसं? ते आपल्याला उत्तर देतात का?

देतात. मायक्रोसॉफ्टकडे फाइल तपासणीला पाठवायचं पान आहे, त्यात "चुकून पकडली" असं निवडता येतं. पुण्याच्या क्विक हीलसह बहुतेक कंपन्यांकडे अशी सोय असते. फाइल, धोक्याचं पूर्ण नाव, अँटीव्हायरसची आवृत्ती आणि प्रोग्रॅम कुठून घेतला ते द्या. ईमेलने पाठवायची असेल तर पासवर्डवाली झिप करा. या धंद्यात पासवर्ड "इन्फेक्टेड" ठेवायची जुनी रीत आहे.

दोन अँटीव्हायरस टाकले तर एक चुकला तरी दुसरा सांगेल?

दोघं एकमेकांनाच पकडतील. एकच ठेवा.

आमचा महिनोन्‌महिने काहीच बोलत नाही. चालू तरी आहे का?

एइकार नावाची चाचणी फाइल असते, अवघ्या ६८ अक्षरांची. तिच्यात काहीच वाईट नाही, पण ती दिसली की ओरडायचं असं सगळ्या अँटीव्हायरसवाल्यांनी आपसांत ठरवलंय. एइकारच्या साइटवरून उतरवून बघा. ओरडला तर जागा आहे.

मी आधीच "अलाउ" दाबलं, आणि आता वाटतंय तो खराच होता.

आधी इंटरनेट तोडा: केबल काढा, वाय-फाय बंद करा. दिलेली सूट काढून टाका आणि "मायक्रोसॉफ्ट डिफेंडर ऑफलाइन स्कॅन" चालवा, तो विंडोज सुरू व्हायच्या आधी तपासतो. मेल आणि बँकेचे पासवर्ड बदला, पण दुसऱ्या मशिनवरून किंवा फोनवरून, याच मशिनवर बसून नाही. ब्राउझरमध्ये साठवलेले पासवर्ड गेलेच असं धरून चाला. खात्यातून पैसे गेले असतील तर आमच्याकडे यायच्या आधी बँकेला आणि सायबर फसवणुकीच्या १९३० या सरकारी हेल्पलाइनवर फोन करा. तिथे प्रत्येक मिनिट मोजावं लागतं, आमच्याकडे नाही.

मशिन घेऊन दुकानात येऊ का?

आधी तो फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवा. निम्म्या लोकांना रिक्षाचे पैसे पडत नाहीत. यायचंच असेल तर सीपीयू आणा, मॉनिटर नको.